मातीतला अर्धा खांब

मित्रांनो, मी एक जुना खांब आहे. विजेचा नव्हे आणि मांडवाचाही नव्हे. बारामतीलगत जळोचीत खो-खोचे एक मैदान आहे, त्याच्या एका टोकाला मी उभा असतो. दुसऱ्या टोकाला माझा जोडीदार. कालव्याकाठच्या एकाच बाभळीतून आम्ही दोघे निघालो. रोज एकमेकांना पाहतो, भेट मात्र कधी होत नाही. आमच्यामध्ये मुलींची रांग बसलेली असते, एकीचे तोंड इकडे, दुसरीचे तिकडे.

सुताराने मला रंधा मारून गुळगुळीत केले, म्हणजे कुणाच्या तळहातात कुसळ शिरायला नको. मग तात्याबांनी खड्डा घेतला. तात्याबा तरुणपणी मेंढरांमागे धावले, पुढे खो-खो खेळले आणि आता म्हातारपणी मुलींना शिकवतात. खड्डा खोल होत चालला, तसा सुतार कुरकुरला, "तात्या, निम्मा खांब मातीतच घालताय. मग एवढा घासला कशाला?"

"वरचा दिसाया लागतो, खालचा धराया लागतो," तात्याबा म्हणाले. "पोरी लोंबकळणार हायती त्याला."

आणि खरोखरच, किती मुली माझ्या आधाराने खेळल्या! या खेळाचे मला फार कौतुक वाटते. पाठलाग करणारी मुलगी जीव तोडून धावते. समोरची हाती लागत नाही असे दिसले, की बसलेल्या मैत्रिणीच्या पाठीला हात लावून ती 'खो' देते आणि मुकाट्याने तिच्या जागी बसते. पुढचा पाठलाग त्या मैत्रिणीचा.

स्वराली माझी लाडकी. एका हाताने मला धरून ती सारे अंग बाहेर झोकून देई आणि वळसा घालणाऱ्या मुलीला अचूक टिपत असे. "खांबावर माझा गडी सुटत न्हाय," असे ती म्हणे. ते खरेही होते आणि तिथेच पंचाईत झाली. ती खो द्यायचेच विसरू लागली. एकदा ती एकटीच माझ्याभोवती गरगरत राहिली, तेव्हा तात्याबा बाहेरून म्हणाले, "स्वराली, बाकीच्या काय लग्नाला येऊन बसल्यात व्हय?"

माझ्या शेजारच्या चौकोनात श्रेया बसायची. तिचा स्वभाव अगदी उलटा. पायाने चपळ, पण खो मिळाला की दोन पावलांत तो शेजारणीला देऊन मोकळी.

"अगं, खो हाय का गरम भाकरी?" तात्याबा तिला विचारत. "हातात आली की लगेच दुसरीकडं टाकतीस."

"मी कशाला तात्या? स्वराली हाय की," ती खाली बघत म्हणायची.

यंदा तालुक्याचा अंतिम सामना आमच्याच मैदानावर झाला. जिंकणारा संघ जिल्ह्याला जाणार होता. वयाच्या अटीमुळे स्वरालीची ही शेवटचीच संधी होती. समोर शेजारच्या गावच्या मुली, त्याही वाऱ्यासारख्या पळणाऱ्या. शेवटच्या डावात वेळ संपत आला आणि जिंकायला त्यांचा एकच गडी बाद करायचा उरला.

स्वराली त्या मुलीच्या मागे माझ्या दिशेने धावत आली. ती मुलगी चटकन रांगेतून पलीकडे निसटली. आता स्वराली मला वळसा घालणार, हे मला ठाऊक होते. तिचा हात माझ्याकडे निघालाही होता. पण माझ्यापर्यंत येण्याआधीच तो वळला आणि श्रेयाच्या पाठीवर पडला.

"खो. श्रेया, तूच घे."

श्रेया उठली. क्षणभर तिने शेजारणीकडे पाहिले. मग तिचा घामेजलेला हात प्रथमच माझ्याभोवती आवळला आणि तिने अंग झोकून दिले. तिचा सारा भार माझ्यावर आला. मातीतला मी करकरलो, पण सुटलो नाही. तिची बोटे त्या मुलीच्या टाचेला लागली. पंचांची शिट्टी वाजली.

सगळ्या श्रेयाकडे धावल्या. स्वराली मात्र अजून श्रेयाच्या चौकोनात बसलेली होती. तिच्याकडे कुणाचे लक्ष नव्हते. ती बसल्या जागी टाळ्या वाजवत होती. तात्याबा तिच्याजवळ गेले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आज खरी खेळलीस."

त्या उडीने माझ्या बुंध्याशी माती भेगाळली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी कळशी आणि घमेले घेऊन आल्या. श्रेयाने माती भरली, स्वरालीने पाणी घातले आणि दोघींनी दगडाने ती ठोकून बसवली.

"आता सांग, खांब कुणाचा?" स्वरालीने विचारले.

"आपला," श्रेया म्हणाली. दगड खाली ठेवून ती थोडी हसली. "पण काल माझा होता."

"व्हय बाई, होता."

मित्रांनो, हल्ली लाकडी खांब काढून नवे बसवतात. माझीही पाळी कधी ना कधी येईल. तोवर तुम्ही खेळायला आलात, की मला जरूर हात लावा, मला तो आवडतो. पण जाताना एकदा खाली वाकून माझ्या पायाजवळची मातीही बघा. ती सैल झाली असेल, तर दोघे-तिघे मिळून घट्ट करा.