वरचे पंचवीस टक्के

कमलम्मा हत्तरगे यांनी सत्काराची शाल घडी घालून शेजारच्या खुर्चीवर ठेवली, कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि मोबाईलच्या पडद्यावर तर्जनी जोराने दाबली. काहीच झाले नाही. त्यांनी पुन्हा दाबली.

"अलीझा, हे हलत नाही. खूण केली आहे. आता पुढे काय?"

अलीझा खिडकीपाशी पाठ करून उभी होती. शिफारसपत्र उमेदवाराने पाहायचे नसते, अशी बाईंची ताकीद होती आणि ती मोडण्याची तिची हिंमत नव्हती.

"खाली निळी पट्टी असंल, बाई. तिच्यावर बोट ठेवा. दाबू नका, नुसतं ठेवा."

"सगळेच नुसते ठेवायचे. जोर कशालाच लावायचा नाही."

सकाळपासून बाईंचा पारा चढलेला होता. नांदेडच्या या महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या तरुण संशोधकांसाठी दिवसभराची कार्यशाळा होती आणि लातूरहून त्यांना प्रमुख पाहुण्या म्हणून बोलावले होते. चौतीस वर्षे लातुरात पदार्थविज्ञान शिकवलेल्या बाईंना वाटले होते, कोणी प्रयोगाविषयी बोलेल. बोलले ते ओळखी कशा वाढवाव्यात यावर. एका प्रशिक्षकाने मुलांना तीस सेकंदांत स्वतःची ओळख करून द्यायला लावले. आदर्श नावाचा एक मुलगा तर तीनदा बाईंसमोर येऊन हात पुढे करून गेला.

"नमस्कार, मी आदर्श, नॅनो पदार्थांवर काम करतो. आणि आपण?"

"मी अजूनही प्रमुख पाहुणीच आहे," बाई तिसऱ्या वेळी म्हणाल्या होत्या.

सकाळचे सत्र लांबल्यामुळे जेवणाची सुट्टी आता कुठे झाली होती. सभागृहामागच्या खोलीत दोघीच होत्या. अलीझाने जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेत दोन वर्षांच्या जागेसाठी अर्ज केला होता आणि बाईंचे पत्र तिकडे पोहोचण्याची मुदत आज दुपारी चारला संपत होती. जागा मिळाली नाही, तर लातूरच्या एका क्लासमधल्या शिकवण्याच्या नोकरीला सोमवारी होकार कळवायचा, असे मुदखेडला घरी ठरून गेले होते. अब्बूंनी मिठाईवाल्याला सांगूनही ठेवले होते. घरच्यांच्या दृष्टीने आनंदाची बातमी तीच होती.

पत्रासाठी ती आधी आपल्या मार्गदर्शकांकडे गेली होती. ते म्हणाले, तूच लिहून आण, मी सही करतो. तिच्या प्रयोगांच्या वह्या खरोखर वाचल्या होत्या त्या एकट्या कमलम्मांनी. दोन वर्षे दर दुसऱ्या रविवारी ती एसटीने लातूरला जाई, वह्या उघडून त्यांच्यापुढे बसे आणि बोलणी खाऊन परत येई.

"झाले. पट्टी पुढे गेली," बाई म्हणाल्या. "त्यांनी रकाने केले आहेत. वरच्या एक टक्क्यात, पाचात, दहात, पंचविसात. तुला मी पंचविसात बसवले आहे."

अलीझा वळली नाही. पण खिडकीच्या गजावरचा तिचा हात घट्ट झाला.

"अशी का उभी राहिलीस? पत्र गुप्त असते. माझे मत लपवायला मी कोणाला भ्यालेली नाही."

"काही न्हाई, बाई."

"काही नाही असे खांदे सांगत नाहीत. शंभरांत पंचविसांच्या आत येणे म्हणजे कमी वाटते तुला? मी प्रात्यक्षिकाला वीसपैकी सतराच्या वर गुण कधी दिले नाहीत. लोक बाहेर तोंडभरून लिहितात, ते मला जमणार नाही."

"हाव, बाई. ठावं हाय मला." मग ती म्हणाली, "दानम्माताई म्हणल्या होत्या. बाईंकडं समदं माग, पत्र तेवढं मागू नको."

"कोण, आपली दानम्मा? बिडव्यांची?"

अलीझाने ओठ चावला. बोलून बसली होती.

दानम्मा बिडवे ही बाईंच्या हाताखालून गेलेली सर्वांत तल्लख मुलगी. आज ती लातुरात क्लासमध्ये अकरावी-बारावीच्या पोरांना शिकवत होती आणि ते नाव निघाले की बाईंच्या कपाळाला आठी पडत असे. मुलीने चिकाटी धरली नाही, एवढेच त्यांनी स्वतःला समजावले होते.

दार ढकलून राजशेखर कोरे आत आला. हातात ताकाचे दोन पेले होते. तोही बाईंचाच विद्यार्थी, दानम्माच्या मागच्या वर्षाचा. आता बंगळुरूच्या एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होता आणि दुपारचे व्याख्यान त्याचेच होते.

"बरा आलास," बाई म्हणाल्या. "हिला सांग. तुझ्या वेळी मी कसे पत्र दिले होते? एक शब्द जास्तीचा नव्हता. तरी पोहोचलास ना?"

राजशेखरने पेले टेबलावर ठेवले. एक पेला उगाच थोडा सरकवला, मग पुन्हा जागेवर आणला.

"पोहोचलो, बाई."

"मग सांग की हिला."

"बाई, ते पत्र मी पाठवलं नव्हतं."

बाईंनी चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला.

"तुम्ही पाकिटाच्या तोंडावर सही करून दिलं होतं. ते अजून घरी आहे. फोडलंसुद्धा नाही. मी दुसऱ्या सरांचं पत्र जोडलं." तो खाली बघून बोलत होता. "आदल्या वर्षी दानम्माताईंनी तुमचं पत्र पाच ठिकाणी पाठवलं होतं. चार ठिकाणांहून काही कळलंच नाही. पाचव्या ठिकाणी मुलाखतीला बोलावलं, तिथं एकजण त्यांना म्हणाले, तुमच्या बाईंनाच तुमची खात्री दिसत नाही. तिथं सगळे वरच्या एका टक्क्यातच येतात, बाई. ताईंच्या पत्रासारखं वरचे पंचवीस टक्के वाचलं की कागद बाजूला ठेवतात."

"मला कोणी बोलले नाही."

"तुम्हाला कोण बोलणार होतं?"

त्यात उद्धटपणा नव्हता. त्यांनी ताकाचा पेला उचलला, ओठांपर्यंत नेला आणि तसाच खाली ठेवला. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटे झाली होती.

"हे मागे नेता येते का?" त्यांनी मोबाईल राजशेखरपुढे सरकवला. "अजून पाठवलेले नाही."

"येतं, बाई."

"मग बस इथे. मी सांगते, तू टंकून घे. तुमच्या इंग्रजीत कर, पण माझे शब्द वाढवायचे नाहीत." मग त्या खिडकीकडे वळल्या. "अलीझा, तू बाहेर जा. आपले पत्र आपण ऐकायचे नसते. आणि जेवून घे, तोंड उतरले आहे."

दार लागेपर्यंत त्या थांबल्या. मग डोळे मिटून एकेक वाक्य सांगू लागल्या. विशेषण एकही नव्हते. अमोनिया वायू ओळखणाऱ्या पदार्थाच्या पातळ फिल्मवर या मुलीने आठ महिने नोंदी घेतल्या. आलेख सुंदर आला होता. मार्गदर्शक छापायला निघाले होते. मोजमाप वायूचे नसून खोलीतल्या दमटपणाचे आहे, हे हिने स्वतः शोधले, कोणी विचारले नसताना सांगितले, आणि आठ महिन्यांचे काम बाजूला सारून पहिल्यापासून सुरुवात केली. त्या रविवारी ती माझ्यासमोर रडली नाही. नवी वही घेऊन आली होती.

"हे तुम्ही आधी लिहिलं नव्हतं?" राजशेखरने विचारले.

"'कामात नियमित' असे लिहिले होते."

त्याने मान खाली घालून टंकले. रकान्याशी आल्यावर त्याने बाईंकडे पाहिले.

"पहिला," बाई म्हणाल्या. "हे खोटे नाही. आजवर कोणालाही तिथे बसवायची मला सवय नव्हती, एवढेच."

"आता शेवटचा प्रश्न. तुमच्या आजवरच्या विद्यार्थ्यांपैकी हिची तुलना कोणाशी होईल, आणि ती व्यक्ती सध्या कुठं आहे?"

"दानम्मा बिडवे."

राजशेखरची बोटे थांबली.

"बाई, दुसरं नाव देऊ या. तिकडं वाचणाऱ्याला क्लास म्हटलं तर काय कळणार? हवं तर माझं द्या."

"तुझी तुलना इथे होत नाही, राजशेखर."

तो किंचित हसला आणि नाव टंकले. "सध्या?"

"लातूरला. अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवते."

तेही त्याने घातले. तीन पस्तीस झाले होते.

"ती तिथे का आहे, असे विचारले आहे का त्यांनी?"

"नाही, बाई. कुठं आहे, तेवढंच."

कमलम्मांनी पदर खांद्यावर नीट घेतला आणि ताठ बसल्या.

"तरी लिही," त्या म्हणाल्या. "मी सांगते तसे."