अस्तरातलं काज

मास्तरांची धाकटी मुलगी पहिल्यांदा बाळंत झाली, त्या वर्षी गोदामावरच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी मुंगी शिरायला जागा नसायची. माणसं पार जिन्यापर्यंत उभी असत. मंचावर पांढऱ्या झग्यातले श्वासबाबा, समोर क्रीमचा अख्खा केक आणि बाजूला रक्तातली साखर मोजायचं यंत्र.

"वीस वर्षं मधुमेह होता मला," केकचा तिसरा तुकडा तोंडात टाकत बाबा म्हणायचे. "आज गोळी नाही, सुई नाही, पथ्य नाही. नुसता श्वास. डावा हात कमरेवर ठेवा. दाबा. सोडा. स्वादुपिंडाला सांगा, ऊठ बाळा, उजाडलं."

तीनशे माणसं आपापली कंबर दाबायची. मग दोन तास प्रवचन. शेवटी गर्दीतलंच कुणीतरी पुढे जाऊन बाबांच्या बोटाला सुई टोचायचं. आकडा यायचा एकशे अठरा, निरोगी माणसासारखा. बायामाणसं डोळे पुसायची.

मास्तर म्हणजे खालच्या गल्लीतले शिंपी. ते यायचे ताईसाठी. ताई त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा तिनेच त्यांना वाढवलं होतं. म्हातारपणी ती त्यांच्याकडेच राहत होती. बारा वर्षं ती रोज इन्सुलिन घ्यायची. बाबांचं ऐकून तिने ते तीन आठवड्यांपासून बंद केलं होतं.

"ताई, पायाचं बोट काळं पडलंय तुझं."

"आतली घाण बाहेर पडतेय. बाबा म्हणाले."

"बाबांनी बोट पाहिलं?"

"त्यांना पाहावं लागत नाही. तू आपल्या पायजम्यांचं बघ."

ताईपुढे मास्तरांचं कधी चाललं नव्हतं. पण एक गोष्ट त्यांच्या मनात सलत होती. बाबांचा झगा त्यांनीच शिवला होता. बाबांच्या माणसाने माप देताना सांगितलं होतं, डाव्या कमरेशी आतून एक खिसा हवा, पत्त्यांच्या जोडाएवढा. आणि खिशाच्या तळाशी, अस्तरात, एक काज. मास्तरांनी सवयीने काजासमोर बटणही लावलं. संध्याकाळी झगा परत आला. बटण काढा म्हणे. चाळीस वर्षांत बटणाशिवाय काज मागणारं हे पहिलंच गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाची लहर, म्हणून मास्तरांनी बटण उसवून दिलं आणि विषय सोडून दिला.

आता मात्र ते दवाखान्यात सिस्टरकडे गेले आणि त्यांनी खिशाची, काजाची गोष्ट सांगितली. बारा वर्षांपूर्वी ताईला सुई टोचून घ्यायला शिकवणारी तीच.

"काज कुठल्या बाजूला उघडतं?" सिस्टरने विचारलं.

"अंगाच्या."

सिस्टरने हातातली नोंदवही मिटली. मग म्हणाली, "रविवारी मीही येते. तुम्ही तसाच एक झगा शिवा. खिसा नको, काज नको."

रविवारी केक संपल्यावर मास्तर नवा झगा घेऊन मंचाशी गेले. "बाबा, आमची भेट. आत्ताच घाला."

"हा झगा सिद्ध आहे, बाळा. तो उतरवायचा नसतो."

"मग धुता कसा?" मागून कुणीतरी विचारलं. थोडं हसू झालं.

पहिल्या रांगेतली ताई लंगडत पुढे आली. "घाला की बाबा. माझ्या भावाने मन लावून शिवलाय." आणि मदत म्हणून तिने भाबडेपणाने बाबांच्या कमरेचा बंद सोडला. झगा उघडला. खिशातून निघालेली बारीक, पारदर्शक नळी काजातून पोटाला चिकटवलेल्या पट्टीत गेली होती.

"हा इन्सुलिनचा पंप," सिस्टर म्हणाली. "दंडावर सेन्सर असेल, तो साखर मोजतो. पंप लागेल तेवढं इन्सुलिन आपोआप सोडतो. केक खायचा असला की जास्तीच्या इन्सुलिनसाठी बटण दाबावं लागतं. डावा हात कमरेवर, दाबा, सोडा. तुम्ही सगळे नुसती कातडी दाबत होतात."

"हे यंत्र फक्त श्वासाला साथ देतं," बाबा म्हणाले.

"मग ते काढून ठेवा आणि दुसरा केक खा," जिन्यावरून आवाज आला.

एका माणसाने हळूच विचारलं, "सिस्टर, म्हणजे मधुमेह जातच नाही का?"

"तुमच्यासारख्या मोठेपणी जडलेल्या मधुमेहाला काहींच्या बाबतीत उतार पडतो. नवा असला, वजन घटलं, कधी सुरुवातीलाच काही दिवस इन्सुलिन नीट दिलं, तर पुढे औषधं थांबवता येतात. पण ती डॉक्टर थांबवतात, तपासून. आणि तो परत येऊ शकतो, म्हणून नंतरही तपासत राहतात. यांना उतार पडलेला नाही. यांना तर आत्ता, बोलता बोलता इन्सुलिन चाललंय. यंत्रात काही खोट नाही. खोट यांच्या बोलण्यात आहे."

ताई खुर्चीत बसली. मग भावाकडे वळली.

"तू शिवला होतास ना तो? मग बटण का नको, हे तेव्हाच का नाही विचारलंस?"

मास्तरांनी हातातल्या नव्या झग्याची घडी घातली.

त्याच दुपारी ताईने इन्सुलिन घेतलं, आणि संध्याकाळी तिला रुग्णालयात ठेवलं. आधी बोट काढलं, मग पाऊल. पण जखमेचं विष रक्तात पसरलं होतं.

मास्तर आता माप घेता घेता प्रत्येकाला सांगतात: पटत नाही ते विचारा. तिथल्या तिथे विचारा, चारचौघांत विचारा, लाजू नका. आणि उत्तर मिळेपर्यंत आपलं औषध चालू ठेवा.

ताई अठ्ठावीस मार्चला, शुक्रवारी, सकाळी नऊच्या सुमारास रुग्णालयात वारली. ती सदुसष्ट वर्षांची होती.