विमची जिंगल

आमच्या स्लोटरडाइकच्या डच ऑफिसात मला सगळे 'सू' म्हणतात. सुनेत्रा म्हणायला कुणाला वेळ नसतो. पहिलं वर्षभर मी दुरुस्त करत होते, मग कंटाळले. पगार वेळेवर येतोय ना, म्हटलं, मग जाऊ दे.

मी एका रेडिओ स्टेशनचं सॉफ्टवेअर सांभाळते. गाणं कधी, जाहिरात कधी, जिंगल कधी, सगळं ते ठरवतं. रविवारी दुपारी विमचा कार्यक्रम असतो. विम म्हणजे विल्फ्रेड पिनास, तरुणपणी सुरिनामहून आलेले, या स्टेशनचे पहिले कृष्णवर्णीय डीजे. तेव्हाच्या साहेबांना आवाज आवडला, नाव नाही. ऐकणारे बिचकतील म्हणून त्यांनी 'विम' हे इथलं नेहमीचं गोरं नाव चिकटवलं. पोस्टरवर फोटोही छापला नाही. यांच्यामागून कितीतरी काळी मुलं-मुली रेडिओवर आली, ती आपापल्या नावानं. हे मात्र विमच राहिले, कारण तोवर ते नाव चाललं होतं. माइक उघडला की आधी तीन बायका गातात, 'विऽम!' मग हे बोलतात.

गेल्या रविवारी त्यांचा शेवटचा कार्यक्रम होता. शुक्रवारी ते गुडघे चोळत माझ्या टेबलाशी येऊन बसले.

"ती जिंगल काढशील? एकदा तरी माझ्या नावानं बोलायचंय," म्हणाले.

जाताना त्यांनी माझं पूर्ण नाव विचारलं आणि दोनदा म्हणून पाहिलं.

मॅनेजरला विचारलं तर त्याने साफ नकार दिला. शेवटच्या दिवशी लोकांना तीच तर ऐकायची असते, म्हणाला. माझा इथे राहून काम करायचा परवाना वाढवायचा होता, आणि कंपनीतर्फे सही त्याचीच. तरी रविवारी मी जिंगल काढली. धाडस वगैरे काही नव्हतं. रोज मान डोलावून जीव विटला होता, एवढंच.

पहिलं गाणं संपलं. लाल दिवा लागला. काचेपलीकडे विल्फ्रेड, आणि कधी नव्हे ती शांतता. त्यांनी घसा साफ केला आणि नेहमीच्या मधाळ आवाजात म्हणाले, "नमस्कार, मी विम."

तोंडातून गेलं ते गेलं. मी काचेतून हातानं खुणावलं, पुन्हा म्हणा. त्यांनी नकारार्थी मान हलवली, हसले आणि पुढचं गाणं लावलं. इतकं थकलेलं हसू मी कुणाचं पाहिलेलं नाही.

शेवटी सगळ्यांचे आभार मानून झाल्यावर ते म्हणाले,

"आज माझ्यासाठी एका मुलीनं जागा मोकळी करून दिली होती. मला ती भरता आली नाही. तिचं नाव सुनेत्रा."

उच्चार अगदी बरोबर होता. मी तिथेच रडले.

सोमवारी मॅनेजर जाब विचारायला आला. "सू," त्याने मागून हाक मारली. मी वळले नाही. त्याने पुन्हा हाक मारली. तेव्हाही नाही.