केराबाईची हजेरी

आणीबाणीचं दुसरं वर्ष. कुठल्याशा रुळाखाली सुरुंग सापडला आणि त्याचा राग सोलापुरात आमच्या सेटलमेंटवर निघाला. आम्ही कैकाडी, टोपल्या विणणारे. इंग्रजानं आम्हाला जन्मजात चोर ठरवून तारेच्या कुंपणात कोंडलं होतं. स्वराज्य येऊन पाच वर्षं झाल्यावर ती तार तोडली. तेव्हापासून चोवीस वर्षं आम्ही मोकळे होतो, आणि मी मिलात कायम कामगार होते.

सकाळी सहाला पोलिसांची शिट्टी वाजली. माझी आई केराबाई चुलीपुढून उठली, पदर सारखा केला आणि कुणी बोलवायच्या आत मैदानात जाऊन पहिली उभी राहिली. उजवा अंगठा पुढे, तारेच्या वेळी हजेरीला द्यायची तसा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण तिच्यामागे सगळी वस्ती रांगेत आली, मीसुद्धा.

हवालदार म्हणाला, "देशाच्या सुरक्षेचा हुकूम आहे. आजपासून सकाळ-संध्याकाळ हजेरी. अंगठा न देणारा आत जाईल."

"माझी सातची पाळी हाय," मी म्हणाले. "रोज उशीर झाला तर नोकरी जाईल की."

"जाऊ दे मग."

त्यानं वही उघडली. नवी यादी करायचे कष्ट कोण घेणार? तारेच्या वेळची जुनी वहीच उचलून आणली होती.

"गुंडा कैकाडी!"

हे माझे वडील. "मेला," आई म्हणाली. "ताप चढला, तर तारेभाईर डाक्टरकडं जायला पास मिळंना. हितंच मेला."

"राजाबाई!"

"मेली. हजेरीच्या रांगंतच कळा सुरू झाल्या तिला."

पाच नावं झाली, पाचही मेलेली. प्रत्येकाचं कारण आईला तोंडपाठ. तिचा आवाज आता हवालदारापेक्षा चढला होता.

"केराबाई गुंडा!"

आईनं अंगठा मुठीत मिटला.

"ती बी मेली."

"थट्टा करतेस, म्हातारे? मग तू कोण?"

"तार तोडली त्या दिशी मेली ती. मी सोलापूरची बाई हाय. मत देती, पाणीपट्टी भरती. नवी वही आणा साहेब. तिच्यात समद्या शेराची नावं लिवा, तुमचंबी. मग देती अंगठा."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "शिवबाई, तू हितं काय करायलीस? मिलचा भोंगा झाला की."

मी निघाले. माझ्यामागे रांग मोडली. हवालदार ओरडत होता, संध्याकाळी गाडी घेऊन येतो म्हणून. येऊ दे गाडी. आम्ही कुठे पळून जाणार नाही. घर आहे हे आमचं.