काजळ्याच्या पिंजऱ्याची कडी

आक्का घरात आली ती हातातली पिशवीही खाली न ठेवता थेट मागच्या खोलीत गेली. मावशीच्या पायाचं ऑपरेशन झालं म्हणून महिन्यावर तिकडं अडकली होती, पण जीव सगळा इथं सशांत. तिनं पिल्लांची पेटी उघडली, मादीनं स्वतःच्या अंगावरचे उपटून अंथरलेले केस बाजूला सारले आणि बघतच राहिली. आठवड्याची सहा पिल्लं, आणि सहाही चुलीमागून काढल्यासारखी काळपट.

दारात तिची भावजय उभी होती. लग्न होऊन या घरात आल्याला तिला वर्षही झालं नव्हतं. पिल्लं जगवली म्हणून आक्का पाठीवर हात ठेवील, अशी वेडी आशा ती धरून बसली होती.

आक्काचे ससे पांढरेशुभ्र. नाक, कान, पाय आणि शेपटी तेवढी काळी. प्रदर्शनांत ती परीक्षक म्हणून बसायची, आणि भलेभले आपला ससा तिच्यासमोर ठेवताना घाम पुसायचे. भावजय नवी होती तेव्हा तिनं हौसेनं सगळं समजावलं होतं. या जातीत आईबाप दोघं असे असले की पिल्लंही अशीच व्हायची, दुसरं काही होणं नाही. काळा रंग आणतो तो गारवा; अंगाचा जो भाग गार पडतो तिथलेच केस काळे येतात. आणि डोळे कायम लाल. भावजयीनं माहेराहून आणलेला काजळ्या मात्र नखशिखांत काळा, डोळ्यांसकट. दिसायला बरा, पण पैदाशीच्या कामाचा नाही, असं म्हणून आक्कानं त्याला कोपऱ्यातला पिंजरा दिला होता.

तेव्हा काळी पिल्लं बघून आक्काचा हिशेब तिथल्या तिथं पूर्ण झाला: काजळ्या सुटून मादीपाशी गेला असणार. ज्या दिवशी जोडी लावली त्याच दिवशी ती मावशीकडं निघाली होती, आणि संध्याकाळी पिंजरे बंद करायचं काम भावजयीवर सोपवलं होतं.

"काजळ्याची कडी लावली होतीस?" तिनं विचारलं.

"लावली होती, आक्का."

चहा घेताना पुन्हा तेच. कपडे वाळत घालताना पुन्हा तेच. आक्का आवाज चढवत नसे, हेच वाईट होतं. ती नुसती विचारायची, आणि उत्तर मिळालं की प्रदर्शनातल्या सशासारखं ते उलटंपालटं करून बघायची. पिल्लं जन्मली तेव्हा गुलाबी होती, काळ्या बापाची असती तर पहिल्यापासून सावळी दिसली नसती का, असंही भावजयीनं चाचरत विचारलं. तुला काय कळतंय त्यातलं, असं म्हणून आक्कानं ते उडवून लावलं. भावजयीचा नवरा बस चालवायचा. रस्त्यावर कुणाच्या बापाला भ्यायचा नाही, पण घरात बहिणीचा आवाज आला की मोज्यांची जोडी शोधायला लागायचा.

शेवटी भांडी घासता घासता भावजय म्हणाली, "राहिली असेल उघडी. चुकलंच माझं."

एकदाचं मिटलं, असं तिला वाटलं. आक्काचा चेहराही सैल पडला. कबुली मिळाल्यावर माणूस पुढं शोधतं कशाला? त्या पिल्लांकडं ती नंतर ढुंकूनही बघेना. मात्र जेवताना सहज सांगितल्यासारखं तिनं सांगितलं की काजळ्याला आता या घरात ठेवता येणार नाही. तिच्या ओळखीचा एक रोपवाटिकावाला ससा मागतच होता, तो रविवारी येऊन घेऊन जाईल.

भावजयीनं हातातला घास परत ताटात ठेवला. चूक आपल्या अंगावर घेतली म्हणजे विचारणं थांबेल, असा तिचा भाबडा विचार. झालं भलतंच. आता तोंड उघडावं तर खोटारडी ठरायची, न उघडावं तर तो जायचा.

तेव्हापासून तिचा पाय एका जागी ठरेना. दूध उतू गेलं, मीठ दोनदा पडलं. घटकेघटकेला ती मागच्या खोलीत जाऊन काजळ्याची कडी काढून बघायची, परत लावायची. त्या संध्याकाळी नेमकं काय केलं होतं? हात कडीवर गेलेला तिला लख्ख आठवत होता. पण उघडी राहिली असेल, हे एकदा तोंडातून गेलं होतं ना. आता अर्धवट लोंबणारी कडीही तितकीच लख्ख दिसायला लागली. आपण खोटं बोललो की खरं, हेच तिला कळेना, आणि त्यानं ती पुरती घाबरली.

एकच गोष्ट उरली होती. पिल्लांचे डोळे अजून मिटलेले होते. काजळ्याची असतील तर ते काळे उघडतील. ती दिवसभर पेटीशी घुटमळायला लागली. मादी पाय आपटून तिला हाकलायची.

रविवारी सकाळी सगळ्यात लहान पिल्लाच्या पापणीला फट पडलेली दिसली. तिनं ते ओंजळीत घेऊन उजेडात धरलं. डोळा लाल होता. मग तशीच ती स्वयंपाकघरात गेली आणि ओंजळ आक्कापुढं धरली.

आक्कानं चष्मा लावला. पिल्लू उजेडाकडं वळवलं, पोटाची लव फुंकून खालचा रंग बघितला.

"हे गारठलंय," ती शेवटी म्हणाली. "गारठ्यानं काळवंडलंय. चार-दोन महिन्यांत केस झडून पांढरं होईल. खिडकी उघडी होती?"

"तुम्हीच सांगून गेला होता. काही झालं तरी खिडकी लावायची नाही, वास कोंडतो म्हणून."

"अगं, तेव्हा उकडत होतं. मागनं एवढी थंडी पडली."

"मला वाटलंच होतं लावावी. पण तुम्ही नको म्हटलेलं."

आक्का खाली बसली. "मग कडी?"

"लावली होती."

"तर मग उघडी होती असं का म्हणालीस?"

"तुम्ही विचारायचं थांबत नव्हता, आक्का."

आक्काला लाज वाटली. ती तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसली, आणि ती लपवायचा तिनं प्रयत्नही केला नाही. तेवढ्यात बेल वाजली. रोपवाटिकावाला टोपली घेऊन आला होता. आक्का स्वतः दारात गेली. ससा द्यायचा नाही, तो घरचा आहे, माझंच चुकलं, एवढं तिनं त्याला भावजयीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. मग मागच्या खोलीत जाऊन तिनं खिडकी लावून घेतली.

भावजयीला हसूही आलं आणि रडूही. काजळ्या राहिला होता.

संध्याकाळी तिनं पिंजरे बंद केले. काजळ्याची कडी लावली, ओढून बघितली, आणि दिवा मालवून निघाली. दारातून परत फिरली. पुन्हा ओढून बघितली. आक्का मागं उभी होती हे तिला ठाऊकच नव्हतं.

"लागलीय गं," आक्का हळूच म्हणाली. "मी बघितलंय."

भावजयीनं मान डोलावली. आक्का गेल्याची खात्री झाल्यावर तिनं कडी आणखी एकदा ओढून बघितली.