बघण्यापुरती परवानगी

‘हे “पेडवे” कोणाचं आहे? किशोरी, तुझं का?’

ऑफिसच्या ग्रुपवर जॅनेटचा मेसेज आला तेव्हा किशोरी नारळाच्या झापांच्या झोपडीत तांदळाच्या डब्यावर लॅपटॉप ठेवून बसली होती. मांडीवर दोन वर्षांची मनू. दाराशी गाय, गाईच्या पलीकडे कोंबड्यांचा खुराडा. देवाचा कौल झाला होता, आणि सकाळीच सगळं आचरा गाव घरांना कुलपं घालून, गुरंढोरं घेऊन गावपळणीला वेशीबाहेर आलं होतं. तीन दिवस गावात चिटपाखरू राहायचं नाही.

“देवान गाव सोडूक सांगल्यान, ता लॅपटॉप सोडूक नाय सांगल्यान?” सासूबाईंनी, यशोदाबाईंनी, चुलीपाशी बसूनच टोला हाणला.

“काम आसा आई. जॅनेट आज सगळा हलवता.”

“मगे हलवंदे तिका. तू कित्याक हलतंस?”

किशोरीनं पुन्हा मेसेज वाचला. शेवटचं ‘तुझं का?’ तिला उगाचच टोचलं.

मालवणात मेडिकलच्या वरच्या मजल्यावर गुरुप्रसादचं ऑफिस होतं. देवगड-जामसंड्याच्या बागायतदारांच्या आंब्याच्या ऑर्डरी, तारकर्लीच्या खोल्यांचं बुकिंग आणि मच्छीमार सोसायटीचे रोजचे भाव, अशी तीन कामं तिथून चालत. लांब कुठल्यातरी शहरात भाड्याने घेतलेल्या क्लाऊडवरच्या मशिनींवर हे सगळं होतं, आणि पाच वर्षांपूर्वी ते एकटीनं उभं केलं होतं किशोरीनं. मशिनींना माशांची नावंही तिनंच दिलेली. सर्वांत मोठी ती सुरमई, मधल्या बांगडे, आणि मागाहून आलेलं, सर्वांत बारकं ते पेडवे. तेव्हा गुरुप्रसाद पाहुण्यांना सांगायचा, “ह्या सगळा आमच्या किशोरीचा.”

पण सगळं एकाच प्रोजेक्टमध्ये, एकाच टोपलीत ओतलेल्या मासळीसारखं. गेल्या चैत्रात आंब्याच्या ऑर्डरींचा लोंढा आला आणि खोल्यांचं बुकिंग दिवसभर आडवं झालं. तेव्हा जॅनेट म्हणाली, तीन वेगळे प्रोजेक्ट करू. आंबा, खोल्या, मासळी. ज्याची त्याची हद्द, ज्याच्या त्याच्या चाव्या. गुरुप्रसाद इतका खूश झाला, जणू तिनं चाकाचा शोध लावला.

हे किशोरीला आधीच सुचलं होतं. बाळंतपणाच्या रजेवर जायच्या आधी तिनं तीन चौकोन काढलेला कागदही केला होता. तो पुढे घरी मनूनं चावून चावून लगदा केला. आता हे कोणाला सांगणार? सांगितलं असतं तरी ऐकायला कसं वाटलं असतं!

आणि जॅनेट तिच्या रजेतच आली होती. पुण्यात चार वर्षं काढून आलेली, मालवणात एका खोलीत एकटी राहणारी. जॅनेटला सलग आठ तास झोप मिळते, हे किशोरीला तिच्या डोळ्यांखालच्या कातडीवरून कळायचं. तिची नखं रंगवलेली आणि शाबूत असायची. मीटिंगमध्ये तिच्यामागे भिंत दिसायची, नुसती स्वच्छ भिंत. किशोरीच्या मागे दोरीवर दुपटी. जॅनेट शेवटची कधी ऑनलाइन होती हे किशोरी दिवसातून कितीदा बघायची, हे तिचं तिलाच ठाऊक. गेल्या आठवड्यात परवानग्यांची नवी यादी आली. खोल्यांच्या प्रोजेक्टपुढे जॅनेट ‘मालक’. किशोरीपुढे, ‘फक्त बघणे’.

ती यादी बघून झाल्यावर तिनं मनूला भात भरवला होता. मनूनं सगळा थुंकला.

पेडवे तिचंच होतं. मनू दोन महिन्यांची असताना, रजेवर असूनही, ऑफिस आपल्याला विसरेल या धास्तीनं तिनं ते चोरून बनवलं होतं. तारकर्लीच्या काशीबाईंच्या दोन खोल्या बुकिंगवर होत्या, पण काशीबाईंना वाचता येत नव्हतं. मेसेज जाई, त्या बघत नसत. म्हणून किशोरीनं स्वतःच्या आवाजात तीन वाक्यं रेकॉर्ड केली. ‘काशीबाय, उद्या एक खोली भरलीसा.’ ‘काशीबाय, उद्या दोनय खोल्यो भरल्यो हां.’ ‘काशीबाय, उद्या कोण येवचा नाय, निवांत पडा.’ रोज संध्याकाळी पाच वाजता पेडवे बुकिंग बघायचं आणि त्यातलं एक वाक्य काशीबाईंच्या फोनवर ऐकवायचं. रजेतलं चोरटं काम, म्हणून कुठे लिहून ठेवलं नाही. नंतर ते राहूनच गेलं. चालत होतं, चालत राहिलं.

जॅनेटच्या हलवाहलवीच्या तक्त्यात एक्केचाळीस ओळी होत्या. प्रत्येकीपुढे ‘कोणाचं’ असा रकाना. चाळीस भरले होते. ज्याला नाव नाही ते आज दुपारी बंद, असा नियम.

सांगितलं तर तेही जॅनेटच्या प्रोजेक्टमध्ये जाणार. नाही सांगितलं तर ती ते बंद करणार, आणि मग कळेल गुरूदादांना, कोणाला काय येतं ते.

किशोरीनं लिहिलं, ‘माझं नाही. माहीत नाही.’

पलीकडच्या झोपडीत कोणीतरी पत्त्यांत हरल्याचा गलका झाला. मनू दचकून रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी अकराला गुरुप्रसादचा फोन आला.

“किशोरी, काशीबायक संध्याकाळचो फोन जाय, तो खंयसून जाय गो? काल जावक नाय. कोल्हापूरची सहा माणसा सकाळपासून कुलपासमोर बसली हत. बाय बहिणीकडे गेलेली.”

“माका काय म्हायती, गुरूदादा? जॅनेटक विचारा,” किशोरी म्हणाली. हे वाक्य म्हणायची ती सकाळपासून वाट बघत होती.

“विचारलंय. ‘माझी चूक’ म्हणता. बंद करूच्या आधी आत काय आसा ता बघूक व्हया होता म्हणता. गेली पण स्कूटर घेवन तारकर्लेक.”

“तुमी काय बोलला नाय तिका?”

“काय बोलतलंय? चूक मान्य करणारा माणूस पयल्यांदाच गावला माका हयसर.”

किशोरीनं फोन ठेवला. सासूबाई तिच्याकडेच बघत होत्या. “काय झाला? तोंड कित्याक पडला?”

“काय नाय. मनू खंय आसा?”

“गायीकडे. तुका आवाज देय होता मगाशी. दोनदा.”

दुपारी जॅनेटचा मेसेज आला, फक्त तिला.

‘रेकॉर्डिंग ऐकलं. आवाज तुझा आहे. गुरूदादांना मी बोलले नाही, बोलणारही नाही. पेडवे खोल्यांच्या प्रोजेक्टमध्ये घेऊन सुरू केलंय, सध्या माझ्या आवाजात. तुला न विचारता तुझा आवाज ठेवणं बरं वाटेना. रकान्यात कोणाचं नाव घालायचं ते तू ठरव.’

किशोरीचे कान तापले. जॅनेटनं तिला चार शिव्या दिल्या असत्या, गुरुप्रसादकडे चुगली केली असती, तर किती सोपं झालं असतं. आता चांगुलपणासुद्धा तिच्याचकडे गेला. असल्या चांगुलपणाला एकटीची खोली लागते, आठ तास झोप लागते, किशोरीनं मनाशी म्हटलं. आणि तिला स्वतःलाच ते पटलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी काशीबाईंचाच फोन आला.

“किशोरी मा गो? तुझो नंबर त्या जॅनेटीकडसून घेतलंय. बरा चेडू हां. माझ्याकडे बसला, सोलकढी प्याला, माका बटना दाखवल्यान.”

“होय, बरी आसा ती,” किशोरी म्हणाली.

“पण गो, काल फोनात तिचो आवाज. गोड बोलता, नाय म्हणतंय नाय मी. पण तुझ्या फोनात मागसून चेडू कुरकुरा ना, ता खंय गेला?”

“खंयचा चेडू?”

“तुझाच असतला! ‘निवांत पडा’ म्हणतंस आणि मागसून ता ऊं ऊं करता. रोज पाच वाजता दिवो लावच्या आधी मी त्याकाच आयकत बसंय. माणसा येवंदेत नायतर नको येवंदेत. घरात कोण तरी आसा असा वाटा माका. आता ता आयकाक येना नाय.”

किशोरीला आठवलं. त्या दिवशी तिनं मनूला एका हातावर डोलवत, दुसऱ्या हातात फोन धरून, श्वास रोखून ती वाक्यं म्हटली होती. मागचा आवाज काढून टाकायचा राहिला होता. ती चूक होती. चांगल्या कामात अशी चूक राहत नाही. जॅनेटच्या रेकॉर्डिंगमध्ये नसणारच.

“काशीबाय, बघतंय मी,” ती म्हणाली.

तिनं तक्ता उघडला. आपलंच रेकॉर्डिंग परत लावा म्हणायचं, तर ते आपलं आहे हे आधी म्हणायला हवं. आणि तक्ता गुरुप्रसादही बघत होता; त्याच्या नावाचं हिरवं वर्तुळ वर दिसत होतं. परवा ‘माझं नाही’ आणि काल ‘माका काय म्हायती’. दोन्ही खोटं होतं हे एका शब्दात त्याला कळणार होतं.

मनू येऊन तिच्या पाठीला चिकटली. हाताला शेणाचा वास. किशोरीनं ‘कोणाचं’ या रकान्यात आपलं नाव लिहिलं.

हिरवं वर्तुळ सरकत त्या ओळीवर आलं. थांबलं. बराच वेळ तिथंच राहिलं. मग निघून गेलं. गुरुप्रसादचा फोन आला नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही. ‘आमची किशोरी’ तर नाहीच.

तिनं जॅनेटला लिहिलं, ‘जुनं रेकॉर्डिंग परत लावशील? काशीबाईंना हवंय. मागच्या आवाजासकट.’

‘लावते. बदलायचं असलं की मला सांगावं लागेल पण. तुला तिथं फक्त बघता येतं.’

‘माहीत आहे.’

संध्याकाळी झोपड्यांतून चुली पेटल्या. उद्या कौल झाला की गावात परत. सासूबाईंनी आत्तापासूनच भांडी बांधायला घेतली होती. “गो, ह्या धर जरा,” त्या म्हणाल्या, पण किशोरीच्या पुढ्यात लॅपटॉप बघून आज त्यांनी टोला हाणला नाही.

पाच वाजले. खोल्यांच्या प्रोजेक्टमध्ये, इतर अकरा नावांच्या खाली, पेडव्यापुढे एक हिरवी खूण उमटली. किशोरीच्या बाजूची सगळी बटणं फिकट होती, दाबता न येणारी. ती नुसती बघत राहिली.

“आये, ता काय?” मांडीवर येऊन बसलेल्या मनूनं पडद्यावर बोट ठेवलं. शेणाचा ठसा उमटला.

“काय नाय गो. फोन गेलो.”

तिथं तारकर्लीत काशीबाईंच्या कानाशी मनू अजून दोन महिन्यांचीच होती. इथली मनू मांडीवरून उतरली आणि आईकडे वळूनही न बघता गायीकडे चालू लागली.