वर उठलेला अंगठा

"उठला! पायाचा अंगठा उठला!"

सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याजवळच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये दीडशे माणसं एका सुरात ओरडली. निम्म्यांनी हात जोडले, उरलेल्यांनी मोबाइल वर धरले. सतरंजीवर अठ्ठ्याऐंशी वर्षांचे नाथाजी पडले होते. तोंड डावीकडे ओढलेलं, उजवं अंग लुळं, वाचा गेलेली. उजव्या पायावरून ओघळणारं ताजं रक्त पारव्याचं होतं.

गर्दीतून वाट काढत त्यांची मुलगी विजयमाला आत शिरली आणि वडिलांना बघून तिच्या डोक्यात तिडीक गेली. साताऱ्यात तीस वर्षं नर्स म्हणून काढलेली बाई ती. पावणेनऊला भावाचा, इंद्रजितचा फोन आला होता, "आण्णांच्या अंगावरनं वारं गेलंय, पर काळजी करू नगंस, म्हाराजांकडं आणलंय." ती होती तशी गाडी काढून निघाली होती.

"कवा झालं?" तिनं विचारलं.

"साडेसहाला. चा पिता पिता हातातनं कप पडला बघ, आक्का."

तिनं घड्याळ बघितलं. नऊ चाळीस. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. म्हणजे अकराच्या आत. सातारा पन्नास मिनिटांवर.

"उचल आण्णांना. आत्ता निघालो तर गाठता येतंय."

"थांब बाई!" भगवा टी-शर्ट घातलेले पारवेमहाराज चौरंगावरून गरजले. "पहिल्या पारव्यानं वारं ढिलं झालं. दुसऱ्यानं निघंल, तिसऱ्यानं पार कर्नाटकात जाईल! पर सुई टोचलीस, की त्याच भोकातनं परत आत!"

गर्दीनं माना डोलावल्या. वाऱ्याला सुईच्या भोकाचा पत्ता कोण देतं, असं कुणाच्या मनात आलं नाही.

इंद्रजित खाली मान घालून म्हणाला, "आक्का, अठ्ठ्याऐंशी वय हाय. ह्या वयात दवाखान्याचे हाल कशाला? हितं अंगठा तर हलला!" तिनं सतरंजी ओढायला घेतली तर चार बाप्यांनी ती दाबून धरली. पारव्याचा उतारा अर्ध्यावर सोडला तर अख्ख्या गावावर वारं फिरतं म्हणे.

तोवर दुसरा पारवा आला. महाराजांनी त्याची मान कापली, रक्त पायावर चोळलं आणि पारव्याच्या नखानं टाचेपासून बोटांपर्यंत तळव्यावर रेघ ओढली. अंगठा पुन्हा वर गेला. पुन्हा जयजयकार झाला.

विजयमालेला मात्र आता सगळी लबाडी कळली. तिनं पर्समधून गाडीची किल्ली काढली आणि वडिलांच्या त्याच तळव्यावरून टाचेपासून वर ओढली. अंगठा वर गेला.

"ह्यात पारवा कुठाय? रगात कुठाय?" ती ओरडली. मग वाकून म्हणाली, "आण्णा, आता तुमी हलवा बघू अंगठा."

नाथाजींनी तिच्याकडे बघितलं. अंगठा हलला नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

विजयमाला चौरंगाकडे वळली. भक्तांनी पाया पडावं म्हणून महाराजांनी पावलं पुढं काढून ठेवलेलीच होती. तिनं वाकून त्यातल्या एकावरून किल्ली ओढली. महाराज "अगं आई!" करून किंचाळले आणि त्यांची पाचही बोटं खाली वळली.

"बघा! धडधाकट मोठ्या मानसाची बोटं खाली वळत्यात. मेंदूला इजा झाली की अंगठा वर जातो. डॉक्टर त्यावरनं आजार वळकतात, आनि ह्यो भोंदू त्यालाच गुण आला म्हनतोय!"

"मग माझी मेव्हणी हितनं चालत कशी गेली?" मागून एकानं विचारलं.

"काहींची गुठळी आपसूक विरघळते. त्याचा मान ह्याला, आनि जे लुळे ऱ्हात्यात त्यांचं नशीब खोटं. व्हय ना म्हाराज?"

महाराज पाय पोटाशी घेऊन बसले होते. सतरंजी धरणाऱ्यांनी एकेक करून हात काढले. गाडी निघाली तेव्हा दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

साताऱ्यात स्कॅन होऊन डॉक्टर समीक्षा बाहेर आल्या तेव्हा अकरा वीस. "रक्तस्राव नाही, गुठळीच आहे. पण इंजेक्शनची वेळ टळली. आता दिलं तर फायद्यापेक्षा मेंदूत रक्तस्राव होण्याचं भय जास्त. आणि गुठळी इतक्या बारीक नसेत आहे की तार घालून काढता येणार नाही."

"वय बी लय हाय म्हना," इंद्रजित पुटपुटला.

"वयाचं नाव घेऊ नका," डॉक्टर म्हणाल्या. "म्हाताऱ्यांना धोका जास्त, तो तोलूनमापून आम्ही नव्वदीतल्यांनाही इंजेक्शन देतो. तुम्ही अर्धा तास आधी आला असता, तर तुमच्या वडिलांना मी दिलं असतं."



नाथाजी जगले. उजवा हात गेला तो गेलाच. हवं ते डाव्या हातानं दाखवतात आणि घरच्यांना कळलं नाही की ताट ढकलून देतात. त्यांच्या अंगठ्याचा व्हिडिओ मात्र अजून फिरतोय. खाली 'जय हो' लिहिणाऱ्यांपैकी एकानंही म्हाताऱ्याचं पुढं काय झालं ते विचारलेलं नाही.

तेव्हा लोकहो, तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर माणूस चाळिशीचा असो की नव्वदीचा, आधी घड्याळ बघा आणि मेंदूचा स्कॅन होतो त्या दवाखान्यात न्या. पाखरं मारून मेंदूतली गुठळी सुटत नाही. पटत नसेल तर नाथाजींच्या घरी जाऊन त्यांनाच विचारा. त्यांना सांगायचं पुष्कळ आहे, पण तोंडातून एक शब्द निघत नाही.